ठाणे स्टेशनला उतरलात, आता बस कुठून पकडायची? (नवीन आलेल्यांसाठी)

मागच्या महिन्यात माझा भाचा नोकरीसाठी ठाण्यात आला. लोकलनं ठाण्याला उतर, पश्चिमेला बाहेर पड आणि बस घे, एवढं सांगून मी निवांत, तर थोड्या वेळानं फोन. "आत्या, मी बाहेर आलोय, इथं नुसत्या रिक्षाच रिक्षा, बस एक पण दिसंना." म्हटलं वर बघ. "वर म्हणजे?" अरे वर, डोक्यावर. जरा वेळ गप्प, मग आवाज आला, "आयला, बस छतावरून चाललीय की!"

माझं पण २०११ ला असंच झालेलं, फरक एवढाच की मला फोन करायला आत्या नव्हती. आम्ही लातूरकडची माणसं, आमच्याकडं स्टँड म्हणजे स्टँड, गावात एक असतो, सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात, चौकशीच्या खिडकीत विचारलं की काम झालं. ठाण्यात "बसस्टँड कुठंय?" असं विचारलं की समोरचा उलटा विचारतो, "कुठं जायचंय?" आणि तो शहाणपणा करत नसतो, त्याला खरंच ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. कारण स्टेशनजवळच तीन ठिकाणं, अजून थोडं लांब दोन, आणि प्रत्येक ठिकाणाहून वेगळीकडच्या गाड्या. चुकीच्या ठिकाणी तुम्ही दिवसभर उभे राहिलात तरी तुमची बस येणार नाही.

असं का झालं, ते आधी

हे वाचायचा कंटाळा येईल, पण हे कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

ठाण्याला रेल्वे आली १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, देशातली पहिली प्रवासी गाडी, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. म्हणजे स्टेशन आधीचं आणि आत्ताचं हे पसरलेलं शहर नंतर त्याच्याभोवती वाढलेलं. त्यामुळे स्टेशनबाहेर जागा अशी नाहीच, बाहेर पडलं की बाजार, गल्ल्या, जांभळी नाका, पलीकडं तलावपाळी. टीएमटी, म्हणजे ठाणे महापालिकेची बस, नव्हती तेव्हा शहरातल्या फेऱ्यासुद्धा एसटीच मारायची, म्हणून एसटीचा स्टँड अगदी स्टेशनला चिकटून आहे, आधी आला त्यानं जागा धरली. ठाणे महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला, आणि तिची स्वतःची परिवहन सेवा, म्हणजे टीएमटी, सुरू झाली ९ फेब्रुवारी १९८९ ला. आता एसटीला तिचा स्टँड, रिक्षांना त्यांचा स्टँड, फेरीवाले, दुकानं, त्यात टीएमटीच्या गाड्या पण त्याच स्टेशन रोडवर उभ्या राहायला लागल्या. आमच्या बिल्डिंगमधले एक काका सांगतात की तेव्हा बस पकडायची म्हणजे रिक्षांच्या मधून आडवं तिडवं घुसायचं आणि बस निघाली तरी पहिली दहा मिनिटं तिथल्या तिथं.

यावर उपाय म्हणून २००९ च्या सुमारास सॅटिस झालं. पूर्ण नाव स्टेशन एरिया ट्रॅफिक इम्प्रूव्हमेंट स्कीम, पण ते कुणी म्हणत नाही, रिक्षावाल्याला पण सॅटिसच कळतं. खाली जागा नाही तर वर करा, एवढी साधी गोष्ट. स्टेशनच्या पश्चिमेला रस्त्याच्या वर एक लांबलचक डेक बांधला, टीएमटीच्या गाड्या रॅम्पवरून वर येतात, माणसं भरतात आणि पुढं उतरून जातात, खाली रिक्षा आणि बाकीची वाहनं.

तर हिशोब असा, टीएमटी वर, एसटी खाली. नवी मुंबईची एनएमएमटी आणि मुंबईची बेस्ट ही दुसऱ्या शहरांची पाहुणी मंडळी, त्यांच्या बऱ्याच गाड्या रुळाच्या पलीकडं, पूर्वेला. लांबच्या एसट्या खोपट नाहीतर वंदना या दोन स्टँडवर.

लोकलमधून उतरल्यावर

जिना चढून पुलावर या आणि पश्चिमेकडं चालायला लागा. आता महत्त्वाचं, खाली उतरू नका! नव्वद टक्के नवीन माणसं इथंच चुकतात, भाचा पण इथंच चुकला. गर्दी खाली उतरते म्हणून आपण पण उतरतो आणि रिक्षांच्या गराड्यात जाऊन पडतो, आणि मग सामान घेऊन परत जिना. पुलावरूनच सरळ सॅटिसवर जाता येतं, पाटी बघा नाहीतर कुणालाही "बससाठी कुठून?" विचारा.

डेकवर आलात की एक स्टॉप नाही, ओळीनं बरेच आहेत, आणि प्रत्येक मार्गाची जागा ठरलेली. वर लावलेल्या पाट्या वाचा. पाटी वाचून कळलं नाही तर स्टार्टरच्या चौकीवर जा. स्टार्टर म्हणजे गाड्या सोडणारा माणूस, हातात कागद, समोर ड्रायव्हर-कंडक्टर उभे, सगळे एकाच वेळी त्याच्याशी बोलत असतात. त्याला लांबण लावून विचारायचं नाही, फक्त स्टॉपचं नाव घ्यायचं, तो मान पण वर न करता बोटानं दाखवतो आणि ते बरोबर असतं.

बसच्या पुढच्या कपाळावर एलईडीची पट्टी असते, त्यावर अक्षरं पळतात, आधी मराठी मग इंग्रजी, आणि तुम्ही बघाल तेव्हा नेमका नावाचा शेवटचा तुकडा पळून गेलेला असतो. थांबा, परत येतं. घाईत अर्धं नाव वाचून चढू नका, का ते पुढं सांगते. अजून एक, मराठी आकडे न वाचता येणारा रूममेट असेल तर त्याला १, ५ आणि ९ आधी शिकवा, बाकीचे होतात.

रांग

ठाण्यात बससाठी रांग लावतात, खरंच लावतात. पण त्या रांगेची एक रीत आहे जी कुठं लिहिलेली नाही. संध्याकाळी सातला बस भरत आली की पुढचे लोक चढायचं थांबतात, कारण त्यांना बसून जायचंय, ते पुढच्या गाडीची वाट बघणार. अशा वेळी मागून आवाज येतो, "उभं जाणारे या." मग मागचे लोक बाजूनं पुढं येऊन चढतात आणि कुणी भांडत नाही. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं हे घुसतायत, मी एका काकूंना बोलले पण, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. घोडबंदर रोडला शेवटपर्यंत जायचं असेल तर माझं ऐका, एक गाडी सोडा आणि बसून जा. कासारवडवलीपर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहणं ही शिक्षा आहे.

नावांचा घोळ

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, निवांत वाचा. ठाण्यातल्या स्टॉपची नावं म्हणजे अर्धी जुन्या कंपन्यांची, थोडी टॉकीजची. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज, अशोक टॉकीज, वंदना टॉकीज. कॅडबरीला चॉकलेटचं दुकान शोधू नका, तो एक मोठा जंक्शन आहे. मुलुंडच्या हद्दीवर चेकनाका आहे, तिथं मुंबईची जकात भरायला ट्रकच्या रांगा लागायच्या, जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण नाव चेकनाकाच राहिलं. वागळे इस्टेटला तर रस्त्यांना नुसते नंबर, रोड नंबर १६, रोड नंबर २२, कारण ती एमआयडीसीची वसाहत, आणि साधीसुधी नाही, १९६२ साली एमआयडीसीची सुरुवातच तिथून झाली. पासपोर्टच्या कामाला वागळेला जाणार असाल तर नुसतं "वागळे" म्हणून चालत नाही, रोड नंबर सांगा नाहीतर कंडक्टर विचारतोच.

आता जुळी नावं. हिरानंदानी दोन आहेत. एक मेडोज, ते पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला, आणि एक इस्टेट, ते घोडबंदर रोडवर पातलीपाड्याला. माझी पहिली नोकरी लागली त्याच्या इंटरव्ह्यूला मला मेडोजला जायचं होतं. पट्टीवर "हिरानंदानी" दिसलं, मी उडी मारून चढले, खिडकी मिळाली, खूश. कंडक्टरला म्हटलं एक हिरानंदानी, त्यानं तिकीट फाडून दिलं, त्याची काही चूक नाही. कापूरबावडी गेलं, मानपाडा गेलं, मी आपली बाहेर बघतेय, किती छान डोंगर दिसतायत, आणि उतरले तर इस्टेट. तिथून रिक्षानं उलटी, पोचले अर्धा तास उशिरा, घाम पुसत. नोकरी मिळाली तो भाग वेगळा.

तसंच आनंदनगर. एक घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या बाजूला आणि एक कोपरीच्या पुढं मुलुंडच्या हद्दीला, म्हणजे शहराची दोन टोकं! घर भाड्यानं बघताना ब्रोकर "आनंदनगर, स्टेशनपासून जवळ" म्हणाला तर कुठलं ते विचारा. आणि शास्त्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, पवारनगर, वर्तकनगर ही एकमेकांच्या आसपासची नगरं आहेत, पहिला महिना सगळी सारखीच वाटतात, त्याला इलाज नाही, फिरून कळतं.

म्हणून चढताना ड्रायव्हर-कंडक्टरला दोन गोष्टी विचारायच्या, स्टॉपचं पूर्ण नाव आणि कुठून जाते. "पोखरणवरून का घोडबंदरवरून?" एवढं विचारलंत की तुम्ही जुने ठाणेकर वाटता.

पैसे आणि सवलती

सुट्टे ठेवा. यूपीआय सगळीकडं आलंय, एसटीच्या कंडक्टरच्या मशीनवर पण क्यूआर येतो, पण गर्दीत रेंज जाते आणि ते गोल गोल फिरत बसतं, तोपर्यंत तुमचा स्टॉप. साधी आणि एसी गाडी यांचं भाडं वेगळं असतं, चढायच्या आधी बघा. २०२३ पासून इलेक्ट्रिक गाड्या पण आल्यात, आवाजच येत नाही, डेकवर मोबाईलमध्ये डोकं घालून उभे असाल तर मागं येऊन थांबलेली कळत नाही, म्हणून कडेला उभं राहू नका.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढं फुकट. आजी-आजोबांना गावाहून आणताना आधार कार्ड विसरू नका, कंडक्टर बघतो. ही सवलत एसटीची आहे, बेस्टची, टीएमटीची आपापली वेगळी असते, तेव्हा एसटीचा नियम टीएमटीच्या कंडक्टरला ऐकवू नका, मी एकदा ऐकवलाय.

एसटी: तीन ठिकाणं, तीन कामं

एक, स्टेशनजवळचा स्टँड. सॅटिसच्या खालच्या अंगाला, स्टेशनबाहेरच. भिवंडी, बोरिवली अशा जवळच्या गाड्या. बोरिवलीला जायचं असेल तर हे लक्षात ठेवा, लोकलनं दादरला जाऊन गाडी बदलण्यापेक्षा घोडबंदरवरून बस सरळ जाते. वेळ मात्र घड्याळाला विचारू नका, घोडबंदरला विचारा. तो रस्ता म्हणजे खाडीच्या कडेनं गुजरातकडं जाणारे ट्रेलर, त्यात मेट्रोचं काम, गायमुखाच्या चढावर एक ट्रक बंद पडला की सगळं ठाणे थांबतं. दुपारी मस्त जाता, संध्याकाळी देवाच्या भरवशावर.

दोन, वंदना. पुण्याला जायचं तर इथं. शिवनेरी वगैरे पुण्याच्या गाड्या इथून. स्टेशनपासून चालत जाता येतं पण बॅग असेल तर रिक्षा करा. आणि पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस झाला की वंदनाच्या समोर पाणी भरणार म्हणजे भरणार, टीव्हीवर ठाण्याचं पाणी दाखवतात ते बऱ्याचदा तिथलंच असतं. अशा दिवशी बुकिंग असेल तर तासभर आधी निघा आणि पायात चांगले बूट घालू नका.

तीन, खोपट. हा स्टेशनपासून लांब, चालायच्या भानगडीत पडू नका. कोकण आणि बाकी लांबच्या गाड्यांसाठी इथं चौकशी करा. गणपतीत इथलं वातावरण बघण्यासारखं असतं, डोक्यावर ट्रंक, हातात पोर, कुणाच्या बगलेत मखराचं सामान, आणि प्रत्येकजण "आमची कुठली?" म्हणून फलाट शोधतोय. एसटी जादा गाड्या सोडते, पण बुकिंग खूप आधी भरतं, तुमच्या गावाकडचे लोक ग्रुप बुकिंग करत असतील तर त्यांच्यात नाव घाला.

नाशिककडं जाणार असाल तर स्टेशनला यायचीच गरज नाही, घोडबंदरकडं राहणाऱ्यांना माजिवडा जवळ पडतं, हायवेनं जाणाऱ्या गाड्या तिथं मिळतात. प्रायव्हेट ट्रॅव्हल्सवाले पण माजिवडा नाहीतर तीन हात नाका असाच पिकअप सांगतात. तीन हात नाक्याला "ब्रिजखाली उभे राहा" म्हणतात, त्यांना विचारा ब्रिजच्या कुठल्या बाजूला, कारण रस्ता ओलांडेपर्यंत गाडी जाते.

पूर्व, म्हणजे कोपरी

इथं रूळ ओलांडून पुलावरून पूर्वेला उतरायचं. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला एनएमएमटीच्या गाड्या, ही नवी मुंबई महापालिकेची सेवा, २३ जानेवारी १९९६ ला सुरू झालेली. बेस्टच्या पण गाड्या आहेत. पूर्वेलाही सॅटिस बांधायला घेतलंय, कामामुळे स्टॉप इकडं तिकडं सरकतात, काल जिथं उभे होतात तिथंच आज बस येईल असं धरू नका, रांग कुठं लागलीय ते बघा.

पण खरं सांगू का, ऐरोली, रबाळे, घणसोलीला आयटी पार्कमध्ये नोकरी लागली असेल तर बसचा विचार दुसऱ्या नंबरला ठेवा. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल आहे, ९ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाली, प्लॅटफॉर्म ९ आणि १० ला जा, वाशी, नेरूळ, पनवेलकडच्या गाड्या मिळतात. आता मधे दिघा गाव स्टेशन पण झालंय, जानेवारी २०२४ पासून. बस कळवा, विटावा करत जाते आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचलं की तिकडचा सगळा रस्ता अडतो. पावसाळ्यात लोकल, बाकी कंपनीचं गेट स्टेशनपासून फारच लांब असेल तर बस.

रिक्षा

दोन प्रकार, शेअर आणि मीटर, आणि दोन्हीच्या रांगा वेगळ्या. शेअरच्या रांगेत उभं राहून "मीटरनं चला" म्हणाल तर हसतात. शेअरवाला जागेचं नाव ओरडत असतो आणि भाडं ठरलेलं असतं, चढायच्या आधी शेजारच्या प्रवाशाला विचारून घ्या, तो खरं सांगतो. मीटर फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपयांपासून सुरू होतो, पहिल्या दीड किलोमीटरचे. रात्री उशिरा बस कमी होतात, तेव्हा सॅटिसवर एकटंच ताटकळत बसण्यापेक्षा खाली मीटरच्या रांगेत उभं राहा, रांग लांब दिसली तरी सरकते.

सकाळचा उलटा प्रवास

येताना एवढं सगळं, जाताना सोपं, सगळ्याच टीएमटी बस स्टेशनला जातात असं वाटतं. पण पट्टीवर "ठाणे स्टेशन" आणि त्यापुढं पश्चिम आहे ना ते बघा. साडेआठच्या आसपास बस सॅटिसच्या रॅम्पच्या अलीकडं अडकते, पुढं दोन-तीन बस उभ्या, मग आत चुळबुळ सुरू होते, कुणीतरी "दार उघडा ओ" म्हणतं आणि ड्रायव्हरनं उघडलं की अर्धी बस उतरून चालायला लागते. पहिल्या दिवशी तुम्ही उतरू नका, कुठं निघालोय ते कळणार नाही. बसूनच वर डेकपर्यंत जा, उतरा, पुलावर या आणि इंडिकेटर बघून मगच प्लॅटफॉर्मचा जिना धरा. फास्ट गाडीसाठी बहुतेक ५ नाहीतर ६ वर उतरावं लागेल, तिथं २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन प्लॅटफॉर्म रुंद केला म्हणून आता निदान पाय ठेवायला जागा आहे. भाच्यानं तिसऱ्याच दिवशी रॅम्पच्या अलीकडं उतरून बघितलं, खालून रिक्षांमधून वाट काढत गेला आणि त्याची ८:५२ सुटली. त्याच्या बसमधले बसून राहिलेले लोक म्हणे गाडीत होते.